सुटकेचें भय आणि आटपाडीचें स्वतंत्रपूर

शिक्षेचे दिवस सरत आले म्हणजे बंदिवानाचा आनंद वाढत जात असेल, असें आपण सहजच समजतों. तुरुंगांत काम केलेल्या डॉक्टरांचा अनुभव मात्र इतका सरळ नाहीं. वर्षानुवर्षें शांत राहिलेल्या मनुष्याची झोप सुटकेची तारीख जवळ येतांच उडते, अन्नावरची वासना जाते, क्षुल्लक कारणावरून तो चिडूं लागतो. क्वचित् सुटका लांबावी म्हणूनच कीं काय, नवा अपराधही करून बसतो. इंग्लंडांतील कैद्यांच्या बोलींत या अवस्थेला ‘दरवाजाचा ताप’ अशा अर्थाचें नांव आहे.

याचें कारण समजण्याजोगें आहे. तुरुंगांत उठणें, जेवणें, निजणें सारें घंटेच्या हुकमानें चालतें. डोनाल्ड क्लेमर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९४० सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, कैदी हळूहळू तुरुंगाच्या रीतिभातींशीं एकजीव होऊन जातो. अशाला एके सकाळीं बाहेर सोडलें म्हणजे घर कसें स्वीकारील, पोट कसें भरेल, गांव काय म्हणेल, हे सारे प्रश्न त्याच्यावर एकदम कोसळतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांतील सुटलेल्या कैद्यांची एक पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. सुटकेनंतरच्या पहिल्या २ आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचें प्रमाण इतर रहिवाशांच्या जवळजवळ १३ पट आढळलें. मादक द्रव्यांचें अतिसेवन हें त्यांतील मुख्य कारण होतें.

या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याच मुलखांत शोधलें गेलें. ७२ गांवांचें औंध हें लहानसें संस्थान. त्याचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें १९३९ च्या जानेवारींत प्रजेस स्वराज्याची घटना दिली. युवराज अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांचा या कामीं मोठा हात होता. त्याच सालीं फ्रीडमन यांच्या कल्पनेनुसार आटपाडीजवळ माणदेशच्या कोरड्या माळावर स्वतंत्रपूर वसलें. औंध आज सातारा जिल्ह्यांत, तर आटपाडी सांगली जिल्ह्यांत आहे.

स्वतंत्रपुरास तटबंदी नव्हती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथें बायकामुलांसह राहत व शेती करीत. वरवर पाहतां ही केवळ दया वाटेल. परंतु तिच्या मुळाशीं मनाची पारख होती. बी केव्हां पेरावें, घरांत काय शिजावें, मुलाला शाळेंत केव्हां घालावें, असे लहान लहान निर्णय कैदी शिक्षा चालू असतांच घेऊं लागला. सुटकेच्या दिवशीं त्याच्यापुढें अनोळखी जग उभें राहण्याचें कारणच उरलें नाहीं.

१९४८ च्या मार्चमध्यें औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें, तरी ही वसाहत मोडली नाहीं. माणदेशचेच ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला, तो याच प्रयोगाच्या प्रेरणेनें. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ सालच्या जिनीव्हा येथील नियमांनींही, कैद्यास समाजांत क्रमाक्रमानें परतूं द्यावें, हेंच तत्त्व सांगितलें.

परंतु एक उणीव ध्यानांत घेतली पाहिजे. खुल्या वसाहतींत निवड होते ती चांगल्या वर्तणुकीच्या आणि धडधाकट मनाच्या कैद्यांची. ज्याचें मन आधींच ढासळलें आहे, तो भिंतीआडच राहतो आणि तयारीवांचून बाहेर पडतो. म्हणजे ज्याला गरज अधिक, त्यालाच मदत कमी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें प्रत्येक राज्यांत निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागांत मनोरुग्णांची सोय करण्याचें बंधन सरकारवर घातलें आहे. त्या उपचारांना सुटकेनंतरही खंड पडतां कामा नये. यापुढचा भाग मात्र कायद्याच्या हातचा नाहीं. शिक्षा भोगून आलेल्या मनुष्यास काम द्यावयाचें कीं दार लावून घ्यावयाचें, हें आपणां गृहस्थांनाच ठरवावें लागतें.