रेडिओवर स्टेशन नेमकं कसं लागतं? रेझोनंट फ्रिक्वेन्सीचं साधं गणित

नेसरीत आमच्या जुन्या रेडिओचं बटण फिरवलं की मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला आकाशवाणी सांगली लागायचं आणि ७६५ ला धारवाड. बटणामागे व्हेरिएबल कपॅसिटर म्हणजे ‘गँग’ असतो. त्याला कॉइल जोडली की झालं ट्यून्ड सर्किट. ते ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वात जास्त प्रतिसाद देतं, ती रेझोनंट फ्रिक्वेन्सी.

सूत्र (मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा):
किलोहर्ट्झ = १५९१५५ ÷ √(मायक्रोहेन्री × पिकोफॅरड)

उदाहरण: कॉइल २०० मायक्रोहेन्रीची असेल तर
- सांगलीसाठी: सुमारे ८१ पिकोफॅरड
- धारवाडसाठी: सुमारे २१६ पिकोफॅरड

सूत्रात वर्गमूळ आहे. त्यामुळे फ्रिक्वेन्सी निम्मी करायला कपॅसिटर दुप्पट नाही, चौपट लागतो.

माझी चूक: मी सरळ ८२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि सांगली काही लागेना! कॉइलच्या वेढ्यांची आणि वायरींची स्वतःचीही थोडी कपॅसिटी असते, ती मी धरलीच नव्हती. ती १५ पिकोफॅरड धरली तरी सर्किट ११४३ किलोहर्ट्झवर घसरतं. म्हणून ५६ चा कपॅसिटर लावा, त्याला समांतर छोटा ट्रिमर जोडा आणि आवाज स्वच्छ येईपर्यंत हळूहळू फिरवा.