भाषा आणि रॉक संगीत : ‘सोडा स्टिरिओ’ व ‘इंडस क्रीड’ यांच्या वाटचालीचा तौलनिक विचार

प्रस्तावना :
राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना १९३६ मध्ये वर्धा येथे झाली. प्रांतांच्या सीमा ओलांडून जनसामान्यांपर्यंत पोहोचणारी भाषा कोणती, हा प्रश्न तेव्हापासून या जिल्ह्याच्या वैचारिक इतिहासाशी जोडला गेला आहे. शिक्षण, प्रशासन व साहित्य यांच्या संदर्भात त्याची भरपूर चर्चा झाली. लोकप्रिय संगीताच्या संदर्भात मात्र ती फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात अर्जेंटिनातील ‘सोडा स्टिरिओ’ व मुंबईतील ‘इंडस क्रीड’ या दोन समकालीन रॉक बँडच्या वाटचालीतून या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्पॅनिश रॉकची पार्श्वभूमी :
रॉक संगीताचा उगम अमेरिकेतील व त्याची भाषा इंग्रजी. त्यामुळे अन्य भाषांत हे संगीत शोभणार नाही, असा समज अर्जेंटिनातही होता. १९६७ मध्ये ‘लोस गातोस’ या बँडच्या ‘ला बाल्सा’ या स्पॅनिश गीताला मोठी लोकप्रियता मिळाली आणि त्या समजाला पहिला तडा गेला. पुढे १९८२ मध्ये माल्विनास अर्थात फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना व ब्रिटन यांच्यात युद्ध झाले. त्या काळात लष्करी राजवटीने नभोवाणीवरील इंग्रजी गीतांवर निर्बंध घातले. रिकामी झालेली प्रसारणवेळ स्थानिक स्पॅनिश रॉकने भरून काढली. जी राजवट या तरुण कलावंतांकडे संशयाने पाहत होती, तिच्याच निर्णयाने त्यांना श्रोते मिळवून दिले, हा इतिहासातील विरोधाभास होय.

‘सोडा स्टिरिओ’ची वाटचाल :
याच वर्षी ब्युनॉस आयर्स येथे गुस्ताव्हो सेराती, सेता बोसियो व चार्ली अल्बेर्ती या तिघांचा ‘सोडा स्टिरिओ’ आकारास आला. डिसेंबर १९८३ मध्ये देशात लोकशाही परतली आणि १९८४ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. त्यांच्या आरंभीच्या संगीतावर ‘द पोलीस’ या इंग्रजी बँडचा प्रभाव स्पष्ट होता. १९८८ मधील ‘दोब्ले विदा’ ही ध्वनिमुद्रिका तर न्यूयॉर्कमध्ये तयार झाली. म्हणजे नाद, वाद्ये व तंत्र त्यांनी मुक्तपणे बाहेरून घेतले; भाषा मात्र आपलीच ठेवली.

या निर्णयाचा परिणाम दूरगामी ठरला. १९८६ मधील ‘सिग्नोस’नंतर या बँडने लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांचे दौरे केले. १९८७ मध्ये चिलीतील विन्या देल मार येथील महोत्सवात त्यांना मोठा प्रतिसाद मिळाला. डिसेंबर १९९१ मध्ये ब्युनॉस आयर्सच्या ९ जुलै मार्गावर झालेल्या त्यांच्या विनामूल्य कार्यक्रमास सुमारे अडीच लाख श्रोते उपस्थित असल्याचे सांगितले जाते. २० सप्टेंबर १९९७ रोजी रिव्हर प्लेट मैदानावर त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला. २००७ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, तेव्हा दहा वर्षांच्या खंडानंतरही श्रोतृवर्ग कायम असल्याचे दिसून आले. २०१४ मध्ये सेराती यांचे निधन झाले.

मुंबईतील समांतर प्रयत्न :
मुंबईत १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने सुरू झालेला बँड १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला. महेश तिनईकर, उदय बेनेगल, जयेश गांधी, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस व झुबिन बालापोरिया हे त्यातील प्रमुख कलावंत. परकीय गीतांची नक्कल हीच जेथे रूढ वाट होती, तेथे त्यांनी १९८८ मध्ये स्वरचित गीतांची ध्वनिमुद्रिका काढली. उपग्रह वाहिन्यांमुळे त्यांना आशियाभर प्रेक्षक मिळाले आणि १९९३ मध्ये ‘एमटीव्ही’चा आशिया विभागातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कारही लाभला. तथापि, १९९६ मध्ये या वाहिनीची स्वतंत्र भारतीय सेवा सुरू झाली. बाजारपेठ वाढविण्यासाठी तिचा कल हिंदी गीतांकडे झुकत गेला. ज्या माध्यमाने इंग्रजी गाणाऱ्या बँडला पुढे आणले, त्यालाच आता अन्य भाषा हवी होती. १९९७ मध्ये, ‘सोडा स्टिरिओ’च्या निरोपाच्याच वर्षी, ‘इंडस क्रीड’ विसर्जित झाला. २०१० मध्ये तो पुन्हा उभा राहिला व २०१२ मध्ये त्याची नवी ध्वनिमुद्रिका आली; परंतु त्याचा श्रोतृवर्ग प्रामुख्याने महानगरी व इंग्रजी जाणणाराच राहिला.

तुलनात्मक विवेचन :
या फरकाचे कारण केवळ लोकसंख्येत शोधता येत नाही. १९९१ च्या जनगणनेनुसार अर्जेंटिनाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी २६ लाख होती; त्याच वर्षी भारतात मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ६ कोटी २५ लाख होती. स्पॅनिशला अनेक देशांची बाजारपेठ लाभली हे खरे. परंतु ‘सोडा स्टिरिओ’चा पाया मायदेशातील श्रोत्यांवरच उभा राहिला. तसेच सामूहिक, आवेशपूर्ण गायन मराठीस परके आहे असेही नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या १९४४ मधील लाल बावटा कलापथकाने शाहिरीच्या बळावर हजारोंच्या सभा गाजविल्या होत्या. उणीव भाषेच्या सामर्थ्याची नव्हती. चित्रपटगीतांनी व्यापलेल्या भारतीय बाजारपेठेत स्वतंत्र बँडला मुळातच जागा कमी होती. त्यातच विद्युत गिटार परवडणारा महानगरी तरुण इंग्रजी माध्यमात घडत होता, तर शाहिरीचा वारसा सांगणारा तरुण या साधनांपासून दूर होता. हे दोन प्रवाह क्वचितच एकत्र आले.

समारोप :
‘इंडस क्रीड’ची गुणवत्ता निर्विवाद आहे, त्यांच्या भाषानिवडीस दोष देणे हा या तुलनेचा हेतू नाही. बाहेरून आलेला कलाप्रकार आपल्या भाषेत रुजविण्यासाठी प्रतिभेबरोबर प्रसारणाची जागा, परवडणारी साधने आणि स्वभाषेवरील विश्वास यांचीही गरज असते. अर्जेंटिनात हे तिन्ही घटक, अंशतः योगायोगाने, एकत्र आले. ग्रामीण महाविद्यालयांतील स्नेहसंमेलनांत आज वाजणारी गिटार कोणत्या भाषेला साथ देईल, याचा निर्णय योगायोगावर सोडणे उचित ठरणार नाही.