प्रश्न कोणी कोणास विचारावा?

चित्रपटकला आणि दूरचित्रवाणीचे खेळ यांत वैर असते, असे आपल्या सुशिक्षित घरांत सहसा गृहीत धरले जाते. श्री. नागराज मंजुळे यांच्या उदाहरणावरून ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या या दिग्दर्शकाच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. 2013 च्या ‘फँड्री’मध्ये, साऱ्या गावादेखत डुक्कर धरावे लागलेला जब्या अखेरीस दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो. 2016 साली ‘सैराट’ने अपूर्व लोकप्रियता मिळविली. पुढे 2019 मध्ये हेच मंजुळे दूरचित्रवाणीवरील ‘कोण होणार करोडपती’ या प्रश्नोत्तरांच्या खेळाचे सूत्रसंचालक झाले.

यावरून कलावंत हरपला, असे म्हणणे घाईचे ठरेल. ज्यास एरवी कोणी आसन देत नाही, त्यास मध्यभागी बसविण्याचे कार्य दोहींकडे होते. भेद मात्र मोठा आहे. खेळात सामान्य माणसास प्रश्न विचारले जातात. चित्रपटात तोच आपणांस प्रश्न विचारतो.

2022 चा ‘झुंड’ हा नागपूरचे प्राध्यापक विजय बारसे यांच्या कार्यावरून स्फुरलेला. त्यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. या खेळाच्या हिंदी आवृत्तीचा आरंभ 2000 साली त्यांनीच केला होता. चित्रपटातील महाविद्यालय व झोपडपट्टी यांमधली भिंत, मनीषनगरासारख्या वस्तीत राहणाऱ्या आपणां नागपूरकरांस परकी वाटू नये. ती कोणी बांधली, या प्रश्नास मात्र चार पर्याय मिळत नाहीत.