जुन्या संगणकाची नवी तबकडी

नवी मुंबई वसविण्याकरितां १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, तेव्हां हार्ड डिस्क चौदा वर्षांची होती. आय.बी.एम.नें १९५६ सालीं काढलेल्या पहिल्या यंत्रांत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या फिरत. सांठा मात्र ५० लाख अक्षरांचा. एवढ्यासाठीं केवढा हा पसारा! तेवढाच सांठा १९८० सालीं सीगेटनें सव्वापांच इंची पेटींत बसविला, आणि डिस्कला घरगुती संगणकाची वाट मोकळी झाली.

वाशी-नेरूळच्या घरांतून वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचा डेस्कटॉप अद्यापि आढळतो. त्याची डिस्क खडखडूं लागली कीं मंडळी प्रथम स्क्रू काढावयास धांवतात. वास्तविक आधीं मजकुराची नक्कल करून घ्यावयास हवी; कारण वाचणारा हेड तबकडीवर केंसाच्या जाडीहूनहि सूक्ष्म अंतरावर तरंगत असतो, आणि तो घांसला तर मुलांचीं छायाचित्रें कायमचीं जातात.

पुढील अडचण इतिहासानेंच घातलेली आहे. साटा ही अरुंद जोडणी २००३ सालीं आली. तत्पूर्वींच्या यंत्रांत ४० पिनांची रुंद पट्टी असे. तेव्हां मध्यें अॅडाप्टर घालणें आलें. शिवाय कित्येक जुने मदरबोर्ड जागेचा क्रमांक २८ बिटांतच लिहितात. म्हणून १३७ जी.बी.पलीकडील भाग, डिस्क कितीहि मोठी आणली तरी, त्यांना दिसत नाहीं.