अविनाश अरुण

अविनाश अरुण ढावरे हे चित्रपट व वेबमालिकांचे भारतीय दिग्दर्शक आणि छायालेखक आहेत. किल्ला या मराठी चित्रपटाद्वारे त्यांनी दिग्दर्शनात पदार्पण केले. पाताल लोक, स्कूल ऑफ लाइज या मालिका आणि थ्री ऑफ अस हा हिंदी चित्रपट ही त्यांची नंतरची प्रमुख कामे होत.

छायालेखनाचे शिक्षण त्यांनी पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत (एफटीआयआय) घेतले. मसान (२०१५), दृश्यम (२०१५), मदारी (२०१६), हिचकी (२०१८) आणि कारवाँ (२०१८) हे त्यांनी चित्रित केलेले काही हिंदी चित्रपट. दिग्दर्शक झाल्यावरही त्यांनी कॅमेरा सोडला नाही. किल्ला आणि थ्री ऑफ अस या दोन्ही चित्रपटांचे छायालेखन त्यांचेच आहे.

किल्ला

वडिलांच्या निधनानंतर आईच्या बदलीमुळे पुणे सोडून कोकणातील गुहागरला आलेल्या अकरा वर्षांच्या चिन्मयची ही कथा आहे. अर्चित देवधर यांनी चिन्मयची, अमृता सुभाष यांनी आईची, तर पार्थ भालेराव यांनी बंड्या या मित्राची भूमिका केली. सायकली दामटत मुले किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळू लागतो आणि चिन्मय तेथे एकटाच मागे राहतो, हा प्रसंग चित्रपटाच्या मध्यवर्ती आहे. वडिलांविषयीचे दुःख येथे फारसे बोलून दाखवले जात नाही. ते ओल्या भिंती, समुद्र आणि रिकाम्या वाटा यांतून जाणवते. कोकणचा पाऊस मराठी पडद्याला नवा नव्हता. मात्र तो निसर्गशोभेसाठी न वापरता एका मुलाच्या मनःस्थितीशी इतका एकजीव केल्याची उदाहरणे थोडी आहेत.

२०१४ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात बालपरीक्षक मंडळाने किल्लाला ‘क्रिस्टल बेअर’ पुरस्कार दिला. ज्यांच्या वयाची ही गोष्ट, त्याच वयाच्या परीक्षकांनी तिची निवड केली, हे विशेष. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्ट या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता.

किल्ला २६ जून २०१५ रोजी प्रदर्शित झाला. मसान आणि दृश्यम जुलैअखेरपर्यंत आले; त्यामुळे पाच आठवड्यांत त्यांनी चित्रित केलेले तीन चित्रपट प्रेक्षकांसमोर होते. छायालेखक म्हणून त्यांना मागणी असली, तरी दिग्दर्शक म्हणून पुढचा चित्रपट यायला बराच काळ लागला.

मालिका

मे २०२० मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आलेल्या पाताल लोक या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे दिग्दर्शन त्यांनी प्रोसित रॉय यांच्यासमवेत केले. सुदीप शर्मा निर्मित या मालिकेत जयदीप अहलावत यांनी दिल्लीतील पोलीस अधिकारी हाथीराम चौधरी साकारला. या कामासाठी दोन्ही दिग्दर्शकांना फिल्मफेअरचा ओटीटी पुरस्कार मिळाला. स्कूल ऑफ लाइज (२०२३) ही निवासी शाळेतून बेपत्ता झालेल्या मुलाची कथा आहे. एकटे पडलेले शाळकरी वय हा किल्लाचाच विषय येथे अधिक काळोख्या रूपात येतो.

थ्री ऑफ अस

या चित्रपटात दिग्दर्शक पुन्हा कोकणात परततो. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली शैलजा (शेफाली शाह) सर्व विसरण्याआधी पतीला घेऊन बालपणीच्या वेंगुर्ल्याला जाते आणि शाळेतील मित्र प्रदीप कामत (जयदीप अहलावत) याला भेटते. पतीची भूमिका स्वानंद किरकिरे यांनी केली आहे. संवाद हिंदी असले तरी घरे, अंगणे आणि माणसांची अवघडलेली आपुलकी मराठी प्रेक्षकाला परकी वाटत नाही. २०२२ मध्ये गोव्यातील इफ्फी महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट छायालेखनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या पाताल लोकच्या दुसऱ्या पर्वाचे दिग्दर्शन त्यांनी एकट्याने केले. त्याचे कथानक दिल्लीतून नागालँडपर्यंत जाते.