मन्याडकाठची शिक्षणसंस्था आणि तिचा शतायुषी संस्थापक

25 जुलै 2022 रोजी भाई केशवराव धोंडगे यांच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेने या शतकपूर्तीची दखल घेतली. पाच वेळा आमदार, एकदा नांदेडचे खासदार, हैदराबाद मुक्तिसंग्रामातले सैनिक आणि आणीबाणीत तुरुंगवास भोगलेले नेते ही त्यांची ओळख अशा प्रसंगी ठरलेल्या क्रमाने सांगितली जाते. क्रम आम्हाला लावायचा असता तर आम्ही सुरुवात कंधारच्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीपासून केली असती. आमदारकी मतदार देतो आणि परतही घेतो. भाईंनाही हा अनुभव आला. संस्था मात्र त्यांच्या प्रत्येक जय-पराजयात चालू राहिली, आणि विधानसभेत त्यांच्या शब्दाला जे वजन होते त्यातले बरेचसे तिथूनच आले होते.

हिंगोलीकरांना कंधार परके वाटण्याचे कारण नाही. निजामाच्या राज्यात परभणी आणि कंधारचा नांदेड हे शेजारी जिल्हे होते, आणि तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातूनच 1 मे 1999 रोजी आपला हिंगोली जिल्हा झाला. वसमत तालुक्यातल्या वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे निजामाविरुद्धच्या ज्या लढ्यात कामी आले, त्याच लढ्यात कंधारकडची तरुण पोरेही उतरली होती. आपल्याकडे वसमतच्या महाविद्यालयाला बहिर्जींचे नाव आहे. लढ्यातून वाचलेल्यांपैकी काहींनी हातात खडू घेतला आणि शाळा उभ्या केल्या. धोंडगे त्या दुसऱ्या रांगेतले.

त्यांचा जन्म 1922 चा, कंधार तालुक्यातल्या गऊळचा. डोंगराळ, कोरडवाहू मुलूख आणि मधून वाहणारी मन्याड नदी. कंधार गाव मात्र फार जुने. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळच्या शिलालेखात या नगरीचे वर्णन आहे. भुईकोट किल्ला आहे, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे, क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवशेष आहेत. एवढा इतिहास ज्या मातीत आहे, तिथल्या कुणब्याच्या, धनगराच्या, मातंगाच्या पोराला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हायस्कूलचे तोंड पाहणे अवघड होते.

याची कारणे नीट सांगायला हवीत, कारण आजच्या पिढीला ती माहीत नसतात. निजामाच्या संस्थानात सरकारी कारभार उर्दूत चाले. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, तेही उर्दू माध्यमाचे. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्यच करावे लागेल. पण मराठी मुलखातल्या शेतकऱ्याच्या घरात उर्दू नव्हती. मुलगा प्राथमिक शाळेत मराठीत शिके आणि वरच्या वर्गात गेला की भाषेपाशीच अडे. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगीचा अडसर. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी, परभणीचे नूतन विद्यालय, नांदेडचे प्रतिभा निकेतन या शाळा अशा काळात तग धरून राहिल्या आणि मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्तेही त्यांतूनच निघाले. स्वामी रामानंद तीर्थ स्वतः शिक्षक होते. बोट ठेवून मोजता येतील एवढ्याच या शाळा, आणि बहुतेक मोठ्या गावांत. तालुक्याच्या पलीकडचे खेडे कोरडेच राहिले.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मराठवाड्यात शाळा काढण्याची जी लाट आली, तिच्यातच कंधारची ही संस्था येते. संस्थेला नाव शिवाजी महाराजांचे, आणि नावातच मोफत शिक्षणाचे वचन. आज सरकारी योजनांमुळे हे वचन साधे वाटते. तेव्हा ते भलतेच धाडसाचे होते. फी घ्यायची नाही, मग शिक्षकांचा पगार कुठून द्यायचा? सरकारी अनुदान नियमाने येई, पण वेळेवर येईलच असे नाही, आणि मान्यता मिळेपर्यंत तर काहीच नसे. अशा संस्था चालत त्या लोकवर्गणीवर आणि अर्ध्या पगारावर राबणाऱ्या मास्तरांच्या जिवावर. सत्काराच्या हारांत या मास्तरांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांची नावे कुठल्याच फलकावर नाहीत. आम्हाला याचे मनापासून वाईट वाटते.

या वाटचालीतला सगळ्यात मोठा टप्पा 1959 चा. त्या वर्षी कंधारला श्री शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 23 ऑगस्ट 1958 ची. नांदेडसारख्या जिल्ह्याच्या गावी पीपल्स कॉलेज निघाले 1950 मध्ये. आणि विद्यापीठ जेमतेम वर्षाचे असताना एक आडबाजूचा तालुका आपले कॉलेज मागतो आणि मिळवतो! नांदेडला खोली करून राहणे ज्या घराला परवडत नव्हते, त्या घरातला मुलगा आता भाकरी बांधून कॉलेजला येऊ शकत होता. मुलींच्या बाबतीत तर हा फरक आणखी मोठा. परगावी मुलगी ठेवायला तयार नसलेला बाप तालुक्याच्या गावापर्यंत पाठवायला राजी होतो, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या प्राध्यापकाला विचारावे. पुढे शाळांचा विस्तार झाला, विधी महाविद्यालयही आले. त्याची यादी इथे देत नाही. पहिले पाऊल टाकले गेले तेव्हाची जिद्द अधिक महत्त्वाची.

या कामात धोंडगे एकटे नव्हते. माजी आमदार भाई गुरुनाथराव कुरुडे हे त्यांचे जन्माचे सोबती. पक्षात सोबत, संस्थेत सोबत. शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) एकमेकांना भाई म्हणण्याची रीत आहे, आणि या दोघांच्या बाबतीत ती नुसती रीत राहिली नाही. संस्था एका घराण्याची होऊन बसण्याचा धोका महाराष्ट्रात सगळीकडे आहे. त्यावर अशी मैत्री हा पुष्कळसा उतारा असतो, असे आमचे मत आहे.

आता आमदारकीकडे. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1957 च्या निवडणुकीत कंधारने शेकापच्या लाल बावट्याला कौल दिला. तिथून नव्वदच्या दशकापर्यंत, मधले खंड सोडले तर, भाई विधानसभेत दिसत आणि ऐकू येत राहिले. मन्याड खोऱ्याची मुलूखमैदान तोफ हे नाव त्यांना उगाच मिळाले नाही. त्यांच्या बोलण्यात कंधारची बोली जशीच्या तशी असे. मुंबईत पोचल्यावर भाषा धुऊन घेणारे पुष्कळ असतात, त्यांनी ती कधी धुतली नाही. 1977 ला आणीबाणी उठल्यानंतरच्या निवडणुकीत नांदेडने त्यांना लोकसभेत पाठवले. तुरुंगातून आलेल्या माणसाला काँग्रेसच्या बालेकिल्ल्याने निवडून द्यावे, ही नांदेडच्या राजकारणातली मोठी घटना होती.

‘जयक्रांती’ हे साप्ताहिक त्यांनी चालवले. पण आमच्या मनात सगळ्यात जास्त घर करून आहे ते गुराखी साहित्य संमेलन. कंधारजवळच्या माळाला त्यांनी गुराखीगड नाव दिले आणि गुरे वळणाऱ्यांना, मेंढपाळांना, लोककलावंतांना तिथे बोलावले. अखिल भारतीय संमेलनाच्या मांडवात ज्यांना श्रोता म्हणूनही जागा मिळाली नसती, ते इथे मंचावर बसले. ओव्या, गाणी, हाळ्या, जात्यावरचे शब्द हे साहित्यच आहे, असे नुसते म्हणणे सोपे. त्यासाठी दरवर्षी मांडव घालणे, माणसे जेवू घालणे आणि विद्वानांची नाराजी सोसणे कठीण. संस्थेने ज्या वर्गाच्या मुलांसाठी दार उघडले, त्याच वर्गाच्या आईबापांना संमेलनाने मंच दिला. शिकलेला मुलगा अडाणी बापाची लाज बाळगू लागतो, हे दुःख खेड्याने पुष्कळ पाहिले आहे. त्यावर धोंडगे यांच्याइतका थेट उपाय मराठवाड्यात दुसऱ्या कुणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे हिंगोली जिल्हा झाल्यावर आपली महाविद्यालयेही कंधारच्या महाविद्यालयाबरोबर याच विद्यापीठाच्या छत्राखाली राहिली. हिंगोलीचे आदर्श महाविद्यालय, वसमतचे बहिर्जी स्मारक आणि कंधारचे शिवाजी महाविद्यालय आज एकाच विद्यापीठाच्या पदवीसाठी मुले तयार करतात.

शंभरीचा सोहळा झाला आणि पाच-सव्वापाच महिन्यांत, 1 जानेवारी 2023 रोजी भाई गेले. सत्कार त्यांच्या डोळ्यांदेखत झाला, याचे समाधान आहे. मात्र एक काम राहिले आहे आणि ते कुणी हाती घ्यावे यासाठी हा लेख. त्यांची विधिमंडळातली भाषणे कामकाजाच्या छापील नोंदींत आहेत, लोकसभेतली भाषणे संसदेच्या नोंदींत. ‘जयक्रांती’चे जुने अंक आणि गुराखी संमेलनांत म्हटली गेलेली गाणी यांची तशी सोय नाही. कागद पिवळा पडतो, गाणारे म्हातारे होतात. विद्यापीठाच्या मराठी विभागाने आणि कंधारच्या महाविद्यालयाने मिळून हे अंक छायांकित करावेत, गाणी ध्वनिमुद्रित करावीत आणि संस्थेच्या सुरुवातीच्या मास्तरांची नावे हजेरीपटांतून शोधून काढावीत. आपल्याकडच्या महाविद्यालयांनी वापटी आणि वसमत परिसरापुरते हेच काम बरोबरीने सुरू केले, तर मुक्तिसंग्रामानंतरच्या शाळांचा मराठवाड्याचा इतिहास एका जागी येईल. पहिल्या शाळेत बसलेली मुले आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे आधी जायला हवे.