हमूसची वाटी आणि मेडशीचा हरभरा

पुण्यात बाणेरला एका साध्याशा मेडिटेरेनियन हॉटेलात आम्ही मोठ्या काकांना नेलं. साध्याशा म्हणजे टेबलावर कापड नाही, पदार्थांची यादी फळ्यावर खडूने लिहिलेली, पाणी आपलं आपण घ्यायचं. काका मेडशीचे. अकोल्याहून वाशिमला जाताना पातूर सोडून घाट चढला की लागतं ते मेडशी. खरीप निघालं की हरभरा पेरायचा, हे काकांनी आयुष्यभर केलेलं. हमूस आलं. पसरट वाटी, मधे चमच्याच्या पाठीने केलेला खळगा, खळग्यात तेल, त्यावर लाल भुकटी आणि कडेला चार अख्खे काबुली हरभरे. काकांनी पिटा ब्रेडचा तुकडा मोडला, बुडवला, चावला आणि निकाल दिला, "हे त थंडं पिठलं हाय बाप्पा. परक्या मुलखाचं खाणं, आपल्या मातीतलं नाही. एवढे पैसे देऊन काहून खावं?"

हे मत एकट्या काकांचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण तेच मत जरा इस्त्री करून व्याख्यानांत आणि आहारविषयक सदरांत रोज मांडलं जातं. आपल्या मातीत पिकलेलं तेच आपल्या पोटाला मानवतं. पणजीने जे ओळखलं नसतं ते ताटात घेऊ नये. हमूस, फलाफल, बाबा गनूश ही शहरातल्या पोरांची थेरं. पूर्वपक्ष इतका सरळ आहे, आणि ऐकताना पटतोही. अडचण एवढीच की तो ताटाकडे न बघता मांडलेला आहे.

मेडशीच्या कुठल्याही शेतात दुपारची शिदोरी सोडून बघा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. इथे येऊन तिला काही हजार वर्षं झाली म्हणून ती घरची वाटते. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची मेक्सिकोकडची; दोन्ही पोर्तुगीजांची जहाजं येऊ लागल्यावरची, म्हणजे १४९८ नंतरची. कांदा-लसूण मध्य आशियाचे. ज्या सोयाबीनवर आज वाशिम जिल्ह्याचा खरीप उभा आहे ते चीनकडचं, आणि विदर्भात पसरलं ते गेल्या चाळीसेक वर्षांत. पणजीला सोयाबीन दाखवलं असतं तर तिने ते ढोरांपुढे टाकलं असतं. तूर, मूग, उडीद, कुळीथ यांचा मान मी राखून ठेवतो, ते खरेच इथले. पण त्या दुपारच्या शिदोरीत मूळचं इथलं असं मिठाशिवाय फारसं काही हाती लागत नाही.

आता हॉटेलातलं टेबल. बाबा गनूश म्हणजे विस्तवावर भाजून कुस्करलेलं वांगं. वांगं आपल्याकडचं, आणि ते इथून पश्चिमेला गेलं याचा पुरावा त्याच्या नावातच आहे. संस्कृतात वातिंगण, फारसीत बादिंगान. अरबांनी त्याला आपलं 'अल' जोडलं, कातालान भाषेत त्याचं अल्बर्जीनिया झालं आणि तिथून फ्रेंचांचं ओबर्जीन. इटालियनांनी त्याच शब्दाचं मेलांझाना केलं आणि मग त्यात 'वेडं सफरचंद' असा अर्थ शोधून काढला! आपलं मराठी वांगंही त्याच शब्दाच्या गोतावळ्यातलं. शेजारच्या वाटीत ग्रीकांचं झाझिकी होतं, म्हणजे दह्यातली लसूण घातलेली काकडी. काकडीचे रानटी पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी सापडतात. लिंबाचं मूळ ईशान्य भारत आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशात. आणि हमूसमध्ये जी ताहिनी घालतात ती तिळाची. तीळ पहिल्यांदा पिकवला तो याच उपखंडात. हडप्प्याच्या उत्खननात जळालेले तीळ मिळाले ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' हे ग्रीक खलाशांचं मार्गदर्शक पुस्तक भडोचच्या बाजूने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालाची यादी देतं: गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, साखर. भडोचला माल उतरवणाऱ्या गावांत त्याने तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, आणि पैठण यांचीही नावं घेतली आहेत.

परका आहे तो हरभरा.

हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला पिटा तसाच राहिला. हरभऱ्याचं मूळ आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात. तिथे माणसाने तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पेरायला घेतला आणि त्याचा रानटी भाऊबंद तिथल्या डोंगरांत अजून उगवतो. गहू आणि जवसही त्याच टापूतले. हरभऱ्याचं लहान काळपट दाण्याचं वाण आपल्याकडे फार जुनं, पण हमूसचा पांढरा टपोरा दाणा अठराव्या शतकात अफगाणिस्तानातून आला, म्हणून तो काबुली. पुढची गोष्ट मेडशीच्याच रस्त्यावरची आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, जे १९६९ साली स्थापन झालं, या काबुलीची आपल्या रानाला साजेशी वाणं काढली. पीकेव्ही काबुली-२ हे त्यांतलं एक. काकांनी ते पेरून पाहिलं होतं आणि दर बरा मिळूनही सोडलं होतं, "मर रोगानं खाल्लं" म्हणून. तेव्हा वाटीचा हिशेब असा लागतो: तीळ इथून तिकडे गेला, हरभरा तिकडून इथे आला, आणि बाणेरला एका वाटीत दोघांची गाठ पडली.

हे ऐकून आमचा चुलतभाऊ खुलला. "म्हणजे सगळं आपलंच! हमूस म्हणजे आपलीच चटणी, त्यांनी फक्त नाव बदललं." हा उत्तरपक्ष नव्हे, पूर्वपक्षाचाच उलटा सदरा आहे. बियाणाचं जन्मगाव आणि पदार्थाचं जन्मगाव एक नसतं. अख्खा हरभरा मऊ शिजवायचा, ताहिनी, लिंबू आणि लसणाबरोबर लोण्यासारखा घोटायचा आणि फोडणी न देता गारच वाढायचा, ही कल्पना शाम आणि मिसरची, म्हणजे सीरिया-इजिप्तकडची. थंड हरभऱ्याच्या अशा लगद्याच्या कृती मध्ययुगीन अरबी पाकग्रंथांत आहेत. आपण हरभऱ्याची डाळ केली, डाळीचं बेसन केलं, बेसनाचं पिठलं, पाटवडी, झुणका केला. ती वाट वेगळी. दोन्हीकडे हरभरा आहे म्हणून पिठल्याला हमूसचा बाप ठरवणं म्हणजे दोघांचं आडनाव पाटील म्हणून भाऊबंदकी लावणं.

तिसरं मत वेटरने वाटलेल्या पत्रकात छापलेलं होतं: हा मेडिटेरेनियन आहार हृदयाला चांगला, जगातला सर्वोत्तम. अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांची पाहणी केली. तेव्हापासून क्रीट बेटावरच्या शेतकऱ्याचं जेवण नावाजलं गेलं. युनेस्कोने २०१० साली या आहाराला वारसा म्हणून मान दिला. पण तो शेतकरी काय म्हणत होता? त्याआधी, १९४८ साली, रॉकफेलर फाउंडेशनने क्रीटची पाहणी केली होती. खाण्यात काय वाढायला हवं, असं विचारल्यावर बहुतेक कुटुंबांनी मांस सांगितलं. त्यांच्या भाकरी-डाळीला कोणी वारसा म्हणत नव्हतं, ती परिस्थिती होती. मेडशीला हे समजावून सांगायला नको. आमच्या लहानपणी ज्वारीची भाकरी गरिबाघरी आणि पोळी सणाला. आता पुण्यात भाकरीची थाळी पोळीच्या थाळीहून महाग मिळते.

टेबलावर अस्सल परकं काय, असं विचाराल तर ऑलिव्ह. त्याचं झाड आपल्या मैदानी उन्हात फारसं रमत नाही, फळ धरायला त्याला थंडी लागते. तेल मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेलंय. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला रोमन कुंभांचे जे तुकडे मिळाले त्यांतल्या काहींतून ऑलिव्हचं तेल आलं होतं. बहुतेक तिथल्या परदेशी व्यापाऱ्यांसाठीच असावं. आपल्याला त्याची चटक लागली नाही, कारण कच्चं तेल ओतून घ्यायची आपली सोय घरात होती. काका जवसाच्या चटणीत बोटाने खळगा करून त्यात करडीचं तेल ओततात. अगदी तसाच खळगा, तसंच न तापवलेलं तेल. (करडईची फुलं तुतनखामेनच्या थडग्यातल्या हारांत सापडली, म्हणजे तीही पाहुणीच.) आता गावात करडई पेरणारा शोधावा लागतो, आणि काका घाण्याचं तेल अकोल्याहून मागवतात.

काकांनी वाटी पुसून खाल्ली, मत बदललं असं मात्र म्हणाले नाहीत. फेब्रुवारीत मी मेडशीला गेलो तेव्हा हरभरा घरी आलेला होता. काकूने रात्री भिजवला, सकाळी शिजवला, पाट्यावर तीळ वाटून त्यात मिसळले, वर लिंबू पिळलं. काकांनी चाखलं आणि म्हणाले, "कच्चं लागते." मग लसूण, जिरं आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी पडली, भाकऱ्या आल्या, आणि मी खळगा करायला चमचा मागितला तेव्हा काकूने तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली.